राजीनाम्यानंतर अडकलेला पगार: अंबडमधील एका सुपरवायझरच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण अंबड औद्योगिक वसाहतीतील, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात सहा वर्षे आठ महिने प्रॉडक्शन सुपरवायझर होता. रीतसर राजीनामा देऊन, एक महिन्याचा नोटीस कालावधी पूर्ण करून आपण जानेवारीअखेर बाहेर पडलात. डिसेंबर आणि जानेवारी या दोन महिन्यांचा पगार मिळालेला नाही. पगारपावतीवर ३१,००० रुपये दाखवले जात आणि तेवढेच बँकेत जमा होत, याशिवाय ५,००० रुपये इन्सेंटिव्ह म्हणून दरमहा रोख हातात मिळत. आता मालकांचे म्हणणे असे की आपल्या पाळीत दोन गेज (सुट्या भागांची मापे तपासण्याची उपकरणे) हरवले, त्यांचे ४०,००० रुपये वळते करून २०,००० रुपये देतो, ‘माझे कोणतेही येणे बाकी नाही’ या कागदावर सही करा. आणि ओळखीच्या कोणीतरी आपल्याला सांगितले की सुपरवायझर हा कामगार नसतो, त्यामुळे कामगार कार्यालय आपले ऐकून घेणार नाही.

सर्वात आधी सहीबद्दल लिहितो, कारण ती वेळ कदाचित उद्याच येईल. त्या कागदावर सही करू नका. नाशिकमध्ये सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे या पट्ट्यातील कामगारांची आणि कर्मचाऱ्यांची प्रकरणे मी बरीच वर्षे चालवत आलो आहे, आणि माझा अनुभव असा आहे की थकीत पगार कायद्याच्या उणिवेमुळे फारसा बुडत नाही. तो दोन ठिकाणी बुडतो. एक म्हणजे ‘पुढच्या आठवड्यात या’ या आश्वासनावर घालवलेले महिने, आणि दुसरे म्हणजे घरात निकड असताना थोड्या पैशांसाठी केलेली सही. वेतन संहितेत अशी स्पष्ट तरतूद आहे की कर्मचाऱ्याने आपल्या वेतनाचा हक्क सोडून देणारा कोणताही करार रद्दबातल ठरतो, म्हणून सही झाली तरी सारे संपले असे नाही. पण सही झाल्यावर दबाव कसा होता, रक्कम प्रत्यक्षात किती मिळाली, कागद वाचायला दिला होता का, हे सगळे आपल्याला सिद्ध करत बसावे लागते आणि सरळ प्रकरण वाकडे होते. २०,००० रुपये ते खरोखरच देत असतील तर जरूर घ्या, मात्र बँकेतून घ्या, आणि पावती मागितली तर तिच्यावर स्वतःच्या अक्षरात ‘थकीत वेतनापैकी अंशतः रक्कम मिळाली, उर्वरित येणे कायम’ असे लिहून मगच सही करा. एवढे लिहू देत नसतील तर ती रक्कम त्या दिवशी न घेतलेली बरी.

आता आपला हक्क कोणत्या कायद्यात बसतो ते पाहू. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, २०१९ लागू झाली आणि १९३६ चा वेतन प्रदान कायदा तिच्यात सामावला गेला. जुन्या कायद्यात दरमहा २४,००० रुपयांची वेतनमर्यादा होती. त्याहून जास्त पगार असणाऱ्याला त्या कायद्याखाली दावा करता येत नसे, आणि ज्यांना करता येई त्यांनाही साधारणपणे १२ महिन्यांच्या आत करावा लागे. नव्या संहितेत वेतन देण्यासंबंधीच्या तरतुदींना अशी मर्यादा नाही आणि दाव्याची मुदत तीन वर्षांची आहे. आपली थकबाकी डिसेंबर आणि जानेवारीची, म्हणजे संहिता लागू झाल्यानंतरची असल्यामुळे हे दोन्ही फायदे आपल्याला मिळतात. ज्यांची थकबाकी त्या तारखेपूर्वीची आहे, त्यांनी मात्र तीन वर्षे हाताशी आहेत असे गृहीत धरू नये. १२ महिने उलटण्यापूर्वीच अर्ज द्यावा, आणि उलटून गेले असतील तर उशिराचे कारण सांगणारा विलंब माफीचा अर्ज सोबत जोडावा.

सुपरवायझर कामगार नसतो, हे आपल्याला सांगणाऱ्याने अर्धवट सांगितले. औद्योगिक संबंध संहितेत पर्यवेक्षकाचे काम करणारा आणि दरमहा १८,००० रुपयांहून अधिक वेतन घेणारा माणूस ‘कामगार’ या व्याख्येतून बाहेर पडतो, हे खरे आहे. त्यामुळे कामावरून काढले असते आणि पुन्हा कामावर घ्या अशी मागणी असती, तर ही अडचण आपल्यासमोर उभी राहिली असती. आपली मागणी मात्र केलेल्या कामाच्या पगाराची आहे, आणि वेतन संहिता ‘कर्मचारी’ हा शब्द वापरते. त्यात पर्यवेक्षक येतो, प्रशासकीय कर्मचारी येतो, व्यवस्थापकसुद्धा येतो. अंबड-सातपूरमधील कित्येक सुपरवायझर आणि सीनियर इंजिनियर केवळ या एका गैरसमजापायी आपला पैसा सोडून देतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. कार्यालयातील कोणी तोंडी परत पाठवू लागले तर वाद न घालता लेखी अर्ज आवक विभागात द्यावा आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेऊनच बाहेर पडावे.

संहितेनुसार मासिक पगार पुढील महिन्याच्या सातव्या दिवसापर्यंत मिळायला हवा. कर्मचाऱ्याला काढले, नोकरकपातीत कमी केले किंवा त्याने स्वतः राजीनामा दिला, तर त्याचे येणे वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत देणे बंधनकारक आहे. जुन्या कायद्यात ही दोन दिवसांची अट मालकाने नोकरी संपवली तरच लागू होई, राजीनाम्याचा त्यात उल्लेख नव्हता, आणि ‘फुल अँड फायनल (म्हणजे नोकरी सोडल्यावरचा अंतिम हिशेब) ४५ दिवसांनी’ ही कंपन्यांची प्रथा त्या फटीतून रुजली. आजही एचआरचे लोक तेच वाक्य सांगतात. पगाराच्या बाबतीत कंपनीचा अंतर्गत नियम कायद्याच्या वर जाऊ शकत नाही.

गेजच्या कपातीचा मुद्दा मालकांना फार बळकट वाटत असेल, पण तसा तो नाही. कर्मचाऱ्याच्या ताब्यात विश्वासाने दिलेली वस्तू त्याच्या निष्काळजीपणामुळे हरवली तरच नुकसानीची कपात करता येते, ती नुकसानीपेक्षा जास्त असू शकत नाही, आणि कपातीपूर्वी कर्मचाऱ्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. शिवाय सर्व कपाती मिळून त्या पगार कालावधीच्या वेतनाच्या निम्म्याहून अधिक होऊ शकत नाहीत. टूल रूममधून गेज कोणाच्या नावावर दिला गेला, त्या नोंदवहीत कोणाची सही आहे, हरवल्याचे कोणत्या तारखेला कळले, आपल्याला कारणे दाखवा नोटीस कधी मिळाली, एवढे चार प्रश्न लेखी विचारा. राजीनाम्यानंतर अचानक आठवलेल्या नुकसानीला या प्रश्नांची उत्तरे बहुधा नसतात. तीन पाळ्यांत फिरणारा गेज एकाच सुपरवायझरच्या ताब्यात होता हे दाखवणे तर आणखी अवघड आहे. याची दुसरी बाजूही लक्षात ठेवावी. कंपनीचा मोबाइल, लॅपटॉप, ओळखपत्र किंवा चाव्या आपल्याकडे असतील तर पगार मिळेपर्यंत त्या अडकवून ठेवू नका. पोहोच घेऊन परत करा, आणि पोहोच देत नसतील तर कुरियरने पाठवून पावती जपून ठेवा. वस्तू अडकवल्या की मालकाला पोलिसांकडे तक्रार करण्याचे निमित्त मिळते आणि आपले पगाराचे म्हणणे मागे पडते.

रोख मिळणाऱ्या ५,००० रुपयांचा प्रश्न या सगळ्यात नाजूक आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. पगार दिल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी संहितेने मालकावर टाकली आहे. डिसेंबर आणि जानेवारीचे ३१,००० दिले, हे त्यांनाच दाखवावे लागेल, आणि बँकेत नोंद नसेल तर ते दाखवू शकणार नाहीत. पण दरमहा आणखी ५,००० द्यायचे ठरले होते, हे आधी आपल्याला उभे करावे लागते. ते ठरले होते असे दिसल्यावरच दिले की नाही हा प्रश्न येतो. छोट्या कारखान्यांत हे पैसे व्हाउचरवर सही घेऊन देतात आणि व्हाउचर कंपनीकडेच राहते. तेव्हा पुरावा आडवाटेने गोळा करावा लागतो. अकाउंट्सच्या माणसाने ‘इन्सेंटिव्ह घेऊन जा’ असे पाठवलेले व्हॉट्सअॅप मेसेज, नेमणुकीच्या वेळच्या ई-मेलमधील एकूण पगाराचा आकडा, पगारवाढीचे पत्र, मिळालेली रोख आपण बँकेत भरत असाल तर दर महिन्याच्या ठरावीक तारखांना पासबुकात दिसणारी तेवढीच रक्कम, आणि त्याच खिडकीवर त्याच दिवशी पैसे घेणाऱ्या, आता नोकरी सोडून गेलेल्या सहकाऱ्याचे प्रतिज्ञापत्र, यांतील दोन-तीन गोष्टी जुळून आल्या तर मुद्दा बळकट होतो. एकही नसेल तर ती रक्कम मागू नये असे मी म्हणणार नाही, पण ती वेगळ्या परिच्छेदात मागावी, म्हणजे तिच्यावरचा वाद ३१,००० च्या निर्विवाद मागणीला चिकटणार नाही.

मोबाइलमधील मेसेजबाबत एक सूचना. नुसता स्क्रीनशॉट छापून आणू नका. मूळ मेसेज त्या फोनमध्येच राहू द्या, फोन बदलू नका, त्या संभाषणाची संपूर्ण प्रत (चॅट एक्स्पोर्ट) काढून ठेवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते, ते वकील तयार करून देतात. कंपनीचा ई-मेल आयडी बंद होण्यापूर्वी आपल्या नेमणुकीची, पगाराची आणि राजीनाम्याची पत्रे हाताशी असायला हवी होती. नसतील तर राजीनामा मिळाल्याचे एचआरने पाठवलेले उत्तर कोणा सहकाऱ्यालाही गेले होते का, ते पाहा. कंपनीची उत्पादनाची कागदपत्रे, ग्राहकांची ड्रॉइंग्ज यांना मात्र हात लावू नये.

आता कृतीकडे वळतो. पहिले पाऊल मागणीपत्र. ते वकिलामार्फतच गेले पाहिजे असे नाही, स्वतः साध्या भाषेत लिहिलेले पत्रही चालते, फक्त त्यात रागाचे शब्द नसावेत आणि आकडे पूर्ण असावेत. नेमणुकीची तारीख, पद, राजीनाम्याची तारीख, शेवटचा दिवस, आणि त्यानंतर हिशेब: डिसेंबरचे वेतन ३१,०००, जानेवारीचे वेतन ३१,०००, दोन महिन्यांचे रोख इन्सेंटिव्ह १०,०००, शिल्लक अर्जित रजेचे पैसे आणि ग्रॅच्युइटी. शेवटी ‘ही रक्कम पत्र मिळाल्यापासून सात दिवसांत माझ्या ज्या बँक खात्यात आजवर वेतन जमा होत आले त्याच खात्यात जमा करावी, अन्यथा मला सक्षम प्राधिकाऱ्याकडे दावा दाखल करावा लागेल’ एवढे एक वाक्य पुरे. पत्र कारखान्याच्या पत्त्यावर आणि कंपनी असेल तर तिच्या नोंदणीकृत पत्त्यावरही स्पीड पोस्टने, पोहोच मागून पाठवावे, आणि त्याच दिवशी ई-मेलही करावा. कंपनीचा नोंदणीकृत पत्ता कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर सापडतो. गेटवरून पाकीट ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून परत आले तर निराश होऊ नका आणि ते पाकीट उघडू तर अजिबात नका. बरोबर पत्त्यावर पाठवलेले आणि नाकारलेले पत्र बजावले गेले असेच सामान्यतः धरले जाते. ते बंद पाकीट, त्यावरचा पोस्टमनचा शेरा आणि तारखेचा शिक्का हा आपला पुरावा आहे.

हिशेब करताना एका गोष्टीत गोंधळ होतो. संहितेतील ‘वेतन’ या व्याख्येतून घरभाडे भत्ता, प्रवासभत्ता, ओव्हरटाइम असे काही घटक वगळले आहेत, आणि त्याचा आधार घेऊन काही सल्लागार मालकांना सांगतात की फक्त मूळ पगारच तातडीने द्यायचा आहे. ते चूक आहे. पगार देण्याच्या प्रश्नापुरते हे घटक वेतनातच धरायचे, असे त्याच व्याख्येच्या परंतुकात, म्हणजे तिला जोडलेल्या अपवादाच्या वाक्यात, म्हटले आहे. म्हणून मागणी पूर्ण ३१,००० ची करावी.

ग्रॅच्युइटीला मात्र वगळलेल्या घटकांचा परिणाम होतो. आपल्या पावतीत मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १४,००० आणि घरभाडे, प्रवास वगैरे वगळले जाणारे घटक १७,००० असल्याचे आपण कळवले आहे. वगळलेले घटक एकूण रकमेच्या निम्म्याहून अधिक झाले तर वरची रक्कम वेतनात परत मिळवायची असते. ३१,००० चा निम्मा भाग १५,५००, तेव्हा १,५०० परत येतात आणि वेतन १५,५०० धरले जाते. सहा महिन्यांहून अधिकचा तुकडा पूर्ण वर्ष मानतात, म्हणून सेवा सात वर्षांची. १५,५०० ला २६ ने भागून, १५ ने आणि ७ ने गुणले की सुमारे ६२,५९६ रुपये येतात, आणि रोख इन्सेंटिव्ह सिद्ध झाले तर हा आकडा वाढू शकतो. आपल्या मालकांनी ग्रॅच्युइटीचा शब्दही काढलेला नाही, आणि २०,००० च्या ‘कोणतेही येणे बाकी नाही’ या कागदात तीही गिळली गेली असती. कारखान्यात दहा किंवा अधिक माणसे असतील तर ती द्यावीच लागते, देय झाल्यापासून ३० दिवसांत द्यावी लागते, आणि उशीर झाला तर साध्या व्याजासह. हरवलेल्या गेजसाठी ती अडवता येणार नाही, कारण नुकसानीपोटी ग्रॅच्युइटी जप्त करण्याचा अधिकार त्या कारणावरून सेवा समाप्त केली असेल तरच मिळतो, आणि आपण तर स्वतः राजीनामा दिला आहे. तिचा अर्ज मालकांकडे वेगळा द्या. पुढे दाद मागायची ती ग्रॅच्युइटीच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे, पगाराच्या दाव्यात ती मिसळू नका.

भविष्य निर्वाह निधी तर आजच तपासता येईल. आपल्या यूएएन क्रमांकाने (निधी खात्याचा कायमचा क्रमांक) पासबुक उघडून शेवटच्या महिन्यांचा भरणा दिसतो का ते पाहा. पगारातून कापून भरलाच नसेल तर नाशिकच्या भविष्य निर्वाह निधी कार्यालयाकडे स्वतंत्र तक्रार करावी. ‘नोकरी सोडल्याची तारीख’ मालकांनी भरली नसेल तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी ती आपल्याला स्वतःला संकेतस्थळावर नोंदवता येते, त्यासाठी कोणाच्या पाया पडण्याची गरज नाही.

मागणीपत्राची मुदत उलटली की नाशिकच्या कामगार उपायुक्त कार्यालयात जावे. तेथे प्रथम तक्रार अर्ज दिला की बहुतेक वेळा मालकांना पत्र जाते आणि दोघांना समोरासमोर बोलावले जाते. आकडे स्पष्ट असलेली प्रकरणे पुष्कळदा याच टप्प्यावर मिटतात, कारण हजेरीपट, पगारपट आणि पावत्यांच्या प्रती घेऊन निरीक्षकांसमोर बसण्याची वेळ येते, तेव्हा एका माणसाच्या पगारापेक्षा बऱ्याच गोष्टी उघड होण्याची भीती असते. तडजोड न झाल्यास वेतन संहितेच्या कलम ४५ खाली दावा प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. कायद्यांचा बदल नवा असल्याने अर्जाचा नमुना कोणता आणि तो कोणत्या टेबलावर द्यायचा, हे त्याच कार्यालयात विचारून घ्यावे. अर्ज आपण स्वतः देऊ शकता किंवा नोंदणीकृत संघटनेमार्फत, आणि आपल्याबरोबर अडकलेले आणखी सहकारी असतील तर सर्वांचा मिळून एकच अर्ज चालतो. शक्य असेल तर मी एकत्रित अर्जाचाच आग्रह धरतो, कारण एकेकट्या माणसाला मालक आठवडे थांबवू शकतात, आठ जणांना थांबवणे कठीण जाते.

प्राधिकाऱ्याला मूळ रकमेखेरीज तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देता येते. ही कमाल मर्यादा आहे, हमी नव्हे, तेव्हा दहापटीच्या आशेवर मिळत असलेली वाजवी तडजोड फेटाळू नये. तीन महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा असे संहिता म्हणते, प्रत्यक्षात तारखा वाढतात हे मनात धरून घरखर्चाची सोय करावी. आदेश होऊनही पैसे आले नाहीत तर वसुलीचा दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते. हा दाखला निघाला की नाही, तहसील कार्यालयात कोणत्या क्रमांकाने पोहोचला, याचा पाठपुरावा आपल्यालाच करावा लागतो. पाठपुरावा नसलेला दाखला फाइलमध्ये पडून राहिलेला मी पाहिला आहे. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, औद्योगिक कामगार आणि कमी उत्पन्न असणारे यांना तेथे विनामूल्य वकील मिळतो.

दोन वाटांपासून सावध करतो. पोलीस ठाण्यात नुसत्या थकीत पगाराची तक्रार सहसा पुढे जात नाही, हा दिवाणी वाद आहे असे सांगून परत पाठवतात, आणि त्यात आठवडे जातात. दुसरी, ‘कंपनीला दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात खेचतो’ अशी नोटीस काढण्यासाठी पैसे मागणारे लोक. त्या अर्जासाठी थकबाकीची किमान मर्यादा मार्च २०२० पासून एक कोटी रुपये आहे, त्यामुळे आपल्या प्रकरणात त्या नोटिशीला अर्थ नाही.

मालक तडजोडीला तयार होऊन पुढच्या तारखांचे धनादेश देऊ लागले, तर ते कंपनीच्या खात्याचे आहेत ना, सही अधिकृत व्यक्तीची आहे ना, हे पाहून घ्या, आणि कोणत्या महिन्याच्या वेतनापोटी दिले ते लेखी घ्या. तारखेपासून तीन महिन्यांच्या आत धनादेश बँकेत भरा. तो न वटता परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत मागणीची नोटीस, ती मिळाल्यावर मालकांना पैसे देण्यासाठी १५ दिवस, आणि ते संपल्यापासून एक महिन्यात फौजदारी न्यायालयात तक्रार, असा क्रम आहे. यातील एकही मुदत चुकवू नका. ‘पुन्हा भरा, या वेळी नक्की वटेल’ असे सांगितले तरी ३० दिवसांची गणना डायरीत लिहून ठेवा, आणि सर्व हप्ते खात्यात जमा होईपर्यंत कामगार कार्यालयातील अर्ज मागे घेऊ नका.